अक्का, तो खोकला माझा होता

अक्का, तुझ्या तेराव्याला तळेघरला पंगतीत बसलो होतो. भाताचा घास तोंडात घातला आणि ठसका लागला. चांगला मिनिटभर खोकलो. शेजारच्यानं पाण्याचा तांब्या पुढं सरकवला, मागून कुणीतरी पाठीवर थोपटलं, वाढणारे क्षणभर थांबले आणि पुढं गेले. संपलं. हातातला घास पत्रावळीवर ठेवून, मान तिरकी करून कुणी ऐकलं नाही. तू असतीस तर ऐकलं असतंस, आणि सगळ्यांदेखत म्हणाली असतीस, "काय न्हाई, नुसता ठसका हाय, जेव."

तुझ्या ह्या कानांची मला आयुष्यभर लाज वाटायची. मंचरहून आपण भीमाशंकरच्या एसटीत बसलो होतो, तुला घरी सोडायला मी निघालो होतो, आठवतं का? मागच्या बाकावर एक माणूस खोकत होता. तू दोन थांबे ऐकत राहिलीस, मग सरळ मागं वळलीस. "पावणं, तिन्हीसांजेला अंगात कणकण येती का? अंथरूण घामानं भिजतंय का?" त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. तू आपली पुढं चालूच, "थुंकी तपासून घ्या, सरकारी दवाखान्यात फुकट हुती. पोराबाळांचं घर असंल तुमचं." मी खिडकीबाहेर बघत बसलो, जणू आपली ओळखच नाही. दोन महिन्यांनी तोच माणूस पत्ता विचारत तुझ्या दारात आला. क्षय निघाला होता, गोळ्या चालू होत्या, अंगावर मांस धरायला लागलं होतं. तू मला हे सांगितलंस तेव्हा मी म्हणालो, "लागला असंल एखादा नेम." दाद द्यायची म्हटलं की माझी जीभ जड व्हायची, ती सवय पहिल्यापासूनचीच.

तुझं हे शास्त्र कुठल्या पुस्तकातलं नव्हतं. तू म्हणायचीस, सर्दीचा खोकला ओला असतो, आठ-पंधरा दिवसांत त्याची तो वाट धरतो. दम्याचा छातीत शिट्टी वाजवतो. चुलीच्या धुराचा खोकला तुझ्या अंगवळणीच पडला होता, सकाळी फुंकणी हातात घेतली की यायचा आणि ओट्यावर वाऱ्याला बसलीस की निवायचा. डांग्याबद्दल बोलताना मात्र तुझा आवाज बदलायचा. "त्यो दोन खोकल्यांमधी सवास घिऊ देत न्हाई, दत्तू. दहा-पंधरा खोकं एका दमात, त्वांड लाल, मग काळंनिळं, मग कोंबडा आरवावा तसा आवाज करून माणूस सवास ओढतो, आणि खाल्लेलं सगळं भाइर. पुन्हा घटकाभर असा ठणठणीत, की बघणाऱ्याला वाटावं नाटक करतोय. ताप बी नसतो, म्हणून तर फसतंय माणूस. आणि तान्ह्या पोराला तर त्यो आवाज बी येत न्हाई. ते नुसतं खोकतं आणि सवास घ्यायचा इसरून जातं."

हे शेवटचं वाक्य तू कुठून शिकलीस ते मला ठाऊक होतं. तुझी पहिली मुलगी अडीच महिन्यांची होऊन गेली, तेव्हा तळेघरहून दवाखान्यापर्यंत पायीच यावं लागायचं. सासू म्हणाली होती, सर्दी आहे, ओव्याची धुरी दे. तू धुरी देत राहिलीस. त्या मुलीचं नाव तू पुन्हा कधी घेतलं नाहीस, आम्हीही कुणी विचारलं नाही. पण त्यानंतर कुठंही कुणी खोकलं की तुझे कान उभे राहायचे. हे सगळं माहीत असून मी तुला हसलो, अक्का. हे मला आता सहन होत नाही.

हसायला निमित्त तूच दिलं होतंस म्हणा. आमचा महेश चार वर्षांचा होता, त्याला महिनाभर खोकला होता, आणि तू आमच्याकडं वारूळवाडीला आलीस ती त्याच्या छातीला कान लावून म्हणालीस, "डांग्या." आम्ही हबकलो. पुण्याला नेलं. तिथं डॉक्टरांनी दुर्बीण घालून श्वासनळीतून अर्धा शेंगदाणा काढला. खोकला दुसऱ्या दिवशी बंद. त्यानंतर वीस-बावीस वर्षं घरात कुणी शिंकलं तरी मी म्हणायचो, "अक्काला बोलवा, शेंगदाणा हाय का डांग्या ते सांगंल." तूही हसायचीस. एकदाच म्हणालीस, "चुकले तर चुकले. पोरगं पुण्याला गेलं तरी माझ्यामुळंच ना?" हे अगदी खरं होतं, पण मी तेही हसण्यावारी नेलं.

आता दीड वर्षापूर्वीचं. ते तुलाही माहीत आहे, पण एकदा माझ्या तोंडून ऐक.

दिवाळीच्या सुमारास महेशला मुलगी झाली. आमच्या सुनेचं, प्राजक्ताचं माहेर लांब, तिची आई आजारी, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही आपल्याकडंच झालं. बागेची छाटणी होऊन फवारण्या चालू होत्या. आमच्याकडं ह्या दिवसांत निम्मं गाव खोकतं हे तुला सांगायला नको. सकाळी ब्लोअर सुरू झाले की औषधाचा वास शिवारावर बसतो आणि द्राक्षवाला खोकायला लागतो. आम्ही त्याला फवारणीचा खोकला म्हणतो आणि माल निघेस्तोवर तो राहायचाच असं धरून चालतो. मीही तेच धरून चाललो. आधी चार-आठ दिवस नाक वाहिलं, मग खोकला धरला. मेडिकलवाल्यानंसुद्धा विचारलं नाही, "फवारणीचा ना नाना?" म्हणत बाटली पुढं केली. नातीला घ्यायच्या आधी मी डोक्यावरून अंघोळ करायचो, दोनदा साबण, कोपरापर्यंत हात चोळून, नखंसुद्धा ब्रशनं घासून. औषधाचा कण तिच्या अंगाला लागू नये म्हणून इतका जपायचो, आणि मग तिला मांडीवर घेऊन तिच्या तोंडावर खोकायचो.

बारशाला तू चार दिवस आधी आलीस. मला मुलगी नाही, म्हणजे नाव ठेवायला बाळाला सख्खी आत्या नाही, म्हणून तो मान महेशच्या आत्याचा, तुझा. प्राजक्तानंच हौसेनं सांगितलं होतं, "आत्याबाईच नाव ठेवतील." तू नवं लुगडं नेसून पाळण्यात वाकलीस, तिच्या कानाला तोंड लावून कुर्र केलंस आणि ईश्वरी म्हणालीस. बायकांनी तुझ्या पाठीवर धपाटे घातले. तू हसता हसता खोकलीस, तुझा तो नेहमीचा धुराचा खोकला, पदर तोंडावर घेऊन. सगळ्यांनी पाहिलं ते एवढंच.

संध्याकाळी पाहुणे ओट्यावर चहा पीत होते. मला उबळ आली. भिंतीला हात टेकून खोकलो, खोकलो, आणि दुपारचं जेवण अंगणात ओकलो. मग तोंड धुऊन पुन्हा खुर्चीत येऊन बसलो, भाव काय निघंल याच्या गप्पा सुरू. तू दारात उभी होतीस. तुझा चेहरा मला आत्ताही दिसतो. "दत्तू," म्हणालीस, "ह्यो फवारणीचा न्हाई. डांग्या हाय ह्यो. पोरीजवळ जाऊ नको तू."

मी म्हणालो, "ह्यो बी शेंगदाण्याचाच का?" सगळे खो खो हसले. तू हसली नाहीस. पुन्हा म्हणालीस, जरा मोठ्यानं, "मोठ्या माणसाला बी हुतो. ल्हानपणीच्या सुईची ताकद म्हातारपणापत्तूर ऱ्हात न्हाई. पोरीला अजून सुई बी न्हाई. माझं ऐक." पाहुण्यांदेखत, व्याह्यांदेखत तू मला नातीजवळ जाऊ नको म्हणालीस, ते मला झोंबलं. माझ्या जिभेला हाड नाहीच. मी म्हणालो, "आधी तुझा खोकला बघ. घरभर खोकत फिरतीस ती तूच."

 त्यानंतर दोन दिवस ओट्यावरच बसलीस, ताटही तिथंच घेतलंस, पाळण्याकडं फिरकली नाहीस. तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघालीस. मी बागेत होतो, मुद्दाम थांबलो होतो. सुटलो म्हणालो मनात.

आठवडा गेला नाही तोच ईश्वरीचं नाक वाहायला लागलं. मग बारीक खोकला. मग एका दुपारी दूध पिता पिता ती खोकली आणि थांबली. प्राजक्ताच्या हातात ती निळी पडत चालली होती, आवाज नाही, रडणं नाही. महेशनं तिला पालथी करून पाठ चोळली तेव्हा कुठं श्वास आला. नारायणगावच्या डॉक्टरांनी हातसुद्धा लावला नाही, म्हणाले पुण्याला न्या, थांबू नका. काचेच्या खोलीत बारा दिवस. आमचा सगळ्यांचा जीव टांगणीला लागलेला. तिथल्या डॉक्टर बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "घरात कुणाला दोन-तीन आठवड्यांहून जास्त खोकला आहे?" माझी बायको आणि प्राजक्ता एकदमच म्हणाल्या, "आत्याबाईंना." बारशाची गोष्ट सांगितली, कानाला तोंड लावल्याची. मी शेजारी उभा होतो. छातीत उबळ येत होती, ती दाबून धरली होती.

दाबून किती दाबणार? जिन्यात उबळीनं गाठलंच. मी कठडा धरून खोकत असताना डॉक्टर बाई वरून उतरत होत्या. पार ओकारी होईपर्यंत त्या थांबल्या. मग विचारलं, "काका, किती दिवस झाले?" मी म्हणालो, "फवारणीचा आहे." त्यांनी मला आत नेऊन नाकात काडी घालून तपासलं. तीन दिवसांनी बोलावलं. महेश खाली औषधं आणायला गेला होता, मी एकटाच होतो. बाळाचा आणि माझा, दोघांचाही तोच, डांग्या. घरातल्या सगळ्यांना गोळ्या दिल्या, आणि म्हणाल्या, "त्या आत्यांनाही तपासून घ्या, पण मला वाटतं हा तुमच्याकडून आलाय. तुम्हाला दोष देत नाही. मोठ्या माणसांत हा कुणाच्या ध्यानातच येत नाही."

त्यांनी दोष दिला नाही, म्हणून मला तेवढी फट सापडली. तुझ्या सदाला मी फोन केला, आईला तपासून घे म्हणालो, आणि पुढं काय निघालं ते कधी विचारलं नाही. घरी सांगितलं, डॉक्टर म्हणतात कुणाकडूनही आला असंल. हे ऐकून प्राजक्ता म्हणाली, "कुणाकडून ते दिसतंयच की." मी मूग गिळून बसलो.

ईश्वरी घरी आली. बागेत घड विरळायला बायका लावल्या होत्या, मी बांधावर उभा होतो, तुझा फोन आला. तू विचारलंस, पोरगी दूध घेती का. म्हणालो, घेती. खोकती का अजून? म्हणालो, थोडी, महिना दोन महिने राहील म्हणतात.   आणि मग तू विचारलंस, "माझ्यामुळं झालं का रे, दत्तू?"

अक्का, त्या वेळी मला नुसतं न्हाई म्हणायचं होतं. दोन अक्षरं. मी म्हणालो, "जाऊ दे आता. झालं ते झालं." तू "बरं" म्हणालीस आणि फोन ठेवलास. मला तर वाटलं, मी मोठ्या मनानं बोललो.

त्यानंतर तू आली नाहीस. संक्रांतीला बोरन्हाणासाठी हातानं शिवलेली कुंची पाठवलीस, ती पिशवीतून बाहेरसुद्धा निघाली नाही. घोडेगावच्या लग्नात तू मांडवाच्या पार दुसऱ्या टोकाला, पदर तोंडाला लावून उभी होतीस आणि तिथून ईश्वरीकडं बघत होतीस. प्राजक्तानं तिला ह्या कडेवरून त्या कडेवर घेतली, तुझ्याकडं पाठ होईल अशी. मी हे पाहिलं आणि जेवायला गेलो. इतकं दगडाच्या काळजाचं कुणी असतं का? असतं. वारूळवाडीत असतं, द्राक्षाची बाग असते त्याची.

आणि गेल्या महिन्यात तू चुलीपुढून उठलीस, छातीत कळ आली म्हणालीस, सदानं गाडी दारात आणेपर्यंत गेलीससुद्धा.

तेराव्याची पंगत उठल्यावर सदा मला रस्त्यापर्यंत पोचवायला आला. खाचराच्या बांधाबांधानं चालत होतो. म्हणाला, "मामा, तुम्ही तवा फोन केलाता ना, आईला नेलं व्हतं मी. काडी घातली, छातीचा फोटू काढला. डॉक्टर म्हणलं, धुराचा जुना दमा हाय, डांग्याबिंग्या काय न्हाई. आईसमोरच सांगितलं."

मी थांबलो. म्हणालो, "मग तिनं मला फोन केला तो..."

"नंतरच केला. मी म्हणलं, मामाला सांगतो. तर म्हणली, तू नको, मी इचारते. इचारून झालं नि म्हणली, ऱ्हाऊ दे सदा. त्याची सून नवी हाय. खरं कळलं तर पोरगी त्याच्या मांडीवर द्यायची न्हाई ती. मी काय, लांबची. मला लांब ठेवलं तरी चालंल."

म्हणजे तुला माहीत होतं. तू विचारलंस ते तुझ्यासाठी नव्हतं, मला बोलायला जागा करून दिली होतीस. मी ती वाट बंद केली, आणि तू माझा खोकला तुझ्या नावावर घेऊन बसलीस.

खरं सांगू का, घरी परत येताना मला तुझा रागच आला. इतकं समजूतदार व्हायला तुला सांगितलं कुणी? आली असतीस वारूळवाडीला, माझ्याच ओट्यावर उभी राहून चार शिव्या घातल्या असत्यास, "दत्त्या, खरं बोल" म्हणाली असतीस, तर मी बोललो असतो. आधी भांडलो असतो, पण बोललो असतो. बसमध्ये परक्या माणसाला तोंडावर सांगायची तुझी हिंमत होती, मग भावापुढं काय झालं? असं बराच वेळ तुझ्याशी भांडलो. मग लक्षात आलं, तू एकदा सांगितलं होतंस, ओट्यावर, सगळ्यांदेखत. त्याचं उत्तर मी काय दिलं ते तू ऐकलंच होतंस.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे घरात असताना मी सांगितलं. जिन्यातलं, तपासणीचं, तुझ्या फोनचं, सदाचं, काहीही न गाळता. वाटलं होतं आरडाओरडा होईल. महेश एवढंच म्हणाला, "नाना, दीड वर्ष?" आणि बागेकडं निघून गेला. बायकोनं डोळ्याला पदर लावला. मी प्राजक्ताकडं बघत होतो. ती ईश्वरीला पेज भरवत होती. मला वाटलं, ही आता पोर उचलून आत जाईल, पुन्हा माझ्याजवळ देणार नाही. तसं झालं असतं तर बरं झालं असतं, मला काहीतरी शिक्षा मिळाली असती.

तिनं भरवणं संपवलं, पोरीचं तोंड पुसलं, तिला खाली सोडलं. ईश्वरी चालत माझ्याकडंच आली. प्राजक्तानं अडवलं नाही. खालमानेनं म्हणाली, "आत्याबाईंचे मला दोन फोन आले होते, नाना. मी उचलले नाहीत. म्हटलं, आधी त्यांना चूक कळू दे, मग बोलेन." मग माझ्याकडं बघून विचारलं, "आता मी कुणाची माफी मागू?"

अक्का, माझी माफी मी तुझ्याकडं मागतोय, तू देशीलही, तुझा स्वभाव मला माहीत आहे. पण ह्या पोरीनं तुझं काय वाईट केलं होतं? तिला जे सांगितलं ते तिनं खरं मानलं. ईश्वरीला खोकला मी दिला तो नकळत. सुनेच्या गळ्यात हे ओझं मात्र मी जाणूनबुजून घातलं, आणि ते उतरवू शकणारी एकटी तूच होतीस.